पदवी प्रत्येकाला हवी का?
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



हा विषय तुम्ही मे महिन्यात ठेवलात, हे फार चांगलं केलंत. बारावीचे निकाल याच दिवसांत लागतात. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरांत सध्या रोज जेवताना एकच बोलणं चाललेलं असेल: मुलाला कुठे घालायचं? बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., इंजिनिअरिंग, सगळी नावं निघतात. कॉलेजला जायचंच का, हे मात्र कोणी विचारत नाही. ते ठरलेलंच असतं. आज मला त्या ठरलेल्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

मी आयुष्यभर तंत्रनिकेतनात शिकवलं. आमच्या वर्गात दहावीनंतर थेट आलेली मुलं असत आणि आयटीआय करून दुसऱ्या वर्षाला दाखल झालेलीही असत. पुढे त्यांतली काही कारखान्यात गेली, काही पदवीला गेली. त्यामुळे ही बाजू आणि ती बाजू, दोन्ही मला जवळून दिसल्या.

आधी एक आकडा सांगतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारतातल्या रोजगाराचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधली बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के. हे ऐकलं की लगेच कोणीतरी म्हणतं, बघा, शिकून काय मिळालं! हा अर्थ साफ चुकीचा आहे. निरक्षर तरुणाला रिकामं बसणं परवडतच नाही. तो ऊसतोडीला जातो, बांधकामावर जातो, मिळेल त्या मजुरीवर उभा राहतो आणि पाहणीत त्याची नोंद ‘कामाला आहे’ अशी होते. त्याचं काम चांगलं आहे, असं त्या ३.४ मधून कुठेही सिद्ध होत नाही. पदवीधर थांबू शकतो, कारण त्याच्या थांबण्याचा खर्च घरातलं कोणीतरी उचलत असतं. कुठे आईच्या दोन म्हशी, कुठे भावाची कोरडवाहू शेती, कुठे बहिणीचं पुढे ढकललेलं शिक्षण.

तो थांबतो कशासाठी, हे पाहा. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात जागा होत्या सतरा हजारांवर आणि अर्ज आले सतरा लाखांवर. शिपाई व्हायला बारावी पुरते. तरीही त्या मैदानावर पहाटे धावायला उभ्या राहिलेल्यांत पदवीधर होते, अभियंते होते. पुण्यात सदाशिव पेठेतून, नव्या पेठेतून किंवा शास्त्री रस्त्यावरून संध्याकाळी चालत जा. एकेका इमारतीत दोन-दोन अभ्यासिका, कॉटबेसिसवर दिलेल्या खोल्या, महिन्याच्या मेसचे बोर्ड. राज्यसेवेच्या जागा वर्षाला काही शे निघतात. या मुलांना मी आळशी म्हणणार नाही, कोणी म्हटलेलं ऐकूनही घेणार नाही. अठराव्या वर्षी त्यांना कोणी विचारलं नाही की तुला काय येतं आणि काय करावंसं वाटतं. तीन वर्षं पदवीत गेली, पुढची पाच परीक्षांत गेली. कॉलेजचा प्रवेश हा कित्येकांसाठी निर्णय लांबणीवर टाकण्याचा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग झाला आहे, आणि माझी पहिली तक्रार हीच आहे.

पण इथे मला थांबून दुसऱ्या बाजूने बोललं पाहिजे, आणि जरा जोरात बोललं पाहिजे.

‘सगळ्यांनी कशाला कॉलेजला जायला हवं?’ हे वाक्य कोण कोणाला म्हणतं आहे, ते आधी पाहावं. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसायचं आणि उरलेल्या वेळात घरी आई-वडिलांचा धंदा शिकायचा. त्यांचीही अडचण खरी होती. शाळा कमी, पैसा कमी, आणि पाळ्या लावल्या तर त्याच शाळेत दुप्पट मुलं बसतील असा हिशोब. पण कुंभाराच्या मुलाने चाकावर आणि चांभाराच्या मुलाने रापीवर बसायचं, एवढाच त्याचा अर्थ लोकांना दिसला. ‘कुलशिक्षण’ म्हणून तिच्याविरुद्ध रान उठलं. १९५४ मध्ये राजगोपालाचारींना पद सोडावं लागलं आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी ती योजना रद्द केली. माझ्या मते लोकांचं बरोबर होतं. हातांच्या कामाचं कौतुक करत जर आपण ज्याच्या-त्याच्या बापजाद्यांचंच काम त्याच्या पदरात परत टाकणार असू, तर ते कौतुक नको.

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न याहून जुना आहे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवलं. रयतेच्या करातून आलेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुलं प्राथमिक शाळेबाहेरच राहतात, ही त्यांची तक्रार होती. त्याच निवेदनात प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची त्यांनी यादी दिली: मोडी आणि बालबोध लेखन-वाचन, हिशोब, इतिहास, भूगोल, व्याकरण आणि सोबत शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्याचे धडे. साठ वर्षांनी, १९४२ मध्ये, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. अस्पृश्य समाजाच्या मागण्यांचं जे निवेदन त्यांनी दिलं, त्यात विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या आणि त्याचबरोबर सरकारी छापखान्यांत, रेल्वेच्या कार्यशाळांत उमेदवारीच्या जागाही मागितल्या. पुढे १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात झाली. बाबासाहेबांनी आपल्या मुलांसाठी विद्यापीठही मागितलं आणि यंत्रशाळाही मागितली. एक घ्या, दुसरं सोडा, अशी तडजोड त्यांनी केली नाही. ज्यांची स्वतःची मुलं परदेशी विद्यापीठांत आहेत आणि जे दुसऱ्यांच्या मुलांना प्लंबिंग शिका म्हणतात, त्यांनी हे निवेदन अवश्य वाचावं.

मुलींबद्दल तर मी आणखी आग्रही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आढळलं की महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. पाचांत एकीहून जास्त. तालुक्याच्या गावी एस.टी.च्या पासवर कॉलेजला येणाऱ्या मुलीला विचारा, बी.ए.ने तिला काय दिलं. ती सांगेल, तीन वर्षं दिली. तीन वर्षं घरात स्थळांचा विषय दबून राहिला. त्या पदवीला बाजारात किंमत असो वा नसो, ती तीन वर्षं अमूल्य आहेत. म्हणून मुलीचं कॉलेज ‘उपयोग काय’ या प्रश्नावर कोणी बंद करत असेल, तर मी त्या मुलीच्या बाजूने उभा राहीन. २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ केलं. पालकांनी त्याचा फायदा घ्यावा आणि मुलीला फक्त शिक्षिका-परिचारिकाच व्हायचं आहे असं गृहीत धरू नये.

मग हातांच्या कामाचं शिक्षण आपल्याकडे रुजलं का नाही? कल्पना कमी पडल्या असं नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभव सांगितला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने ठरवलं की १९९५ पर्यंत उच्च माध्यमिकच्या २५ टक्के मुलांनी व्यवसाय शिक्षणाकडे वळावं. ते उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. कारण आपण सगळे जाणतो. व्यवसाय शिक्षण हे नापासांचं, गणित न येणाऱ्यांचं, अशी आपण वाटणी करून टाकली. मार्कशीट हातात आली की आधी मेडिकल-इंजिनिअरिंग, मग सायन्स, मग कॉमर्स, मग आर्ट्स आणि काहीच जमलं नाही तर आयटीआय. ज्या दारावर आपणच ‘हरलेल्यांसाठी’ अशी पाटी लावली, त्यातून स्वाभिमानी मूल आत जाईल कसं?

या वाटणीला एका माणसाने फार शहाणपणाने उत्तर दिलं, त्याची हकिकत सांगतो. डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी., हिंदुस्थान लीव्हरमध्ये शास्त्रज्ञ. ते सोडून शिरूर तालुक्यातल्या पाबळ या दुष्काळी गावी ते गेले आणि १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी आठवी, नववी, दहावीच्या शाळेत ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आणला. आठवड्यातून एक दिवस मुलं काम करतात: वेल्डिंग आणि सुतारकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य. मुलं माती तपासतात, बायोगॅस समजून घेतात, रक्तगट ओळखायला शिकतात, आणि जमेल तिथे गावाला ती सेवा देतात. लोखंडाचं फाटक करायचं तर माप घ्यावं लागतं, कोन काढावा लागतो, मालाचा आणि मजुरीचा हिशोब मांडावा लागतो. फळ्यावर नकोसं वाटणारं गणित तिथे गरजेचं होतं. महत्त्वाचं म्हणजे हा विषय वर्गातल्या सगळ्या मुलांसाठी असतो. पहिला येणारा आणि शेवटचा येणारा एकाच टेबलावर, एकाच व्हाइसपाशी उभे राहतात. तिथून कोणी पुढे इंजिनिअर होईल, कोणी गावात वर्कशॉप काढेल. पण आपल्याला काय जमतं हे दोघांनाही पंधराव्या वर्षी ठाऊक असेल. शाळा सोडणाऱ्यांसाठी त्यांनी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रमही चालवला. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रम चालू आहे. पाबळला जाऊन या, एवढंच मी सांगेन. माझ्या भाषणापेक्षा ते बोलकं आहे.

परदेशाचं नाव निघालं की जर्मनीचा दाखला दिला जातो. त्यांच्या पद्धतीत मुलगा आठवड्यातले काही दिवस कारखान्यात, काही दिवस शाळेत असतो. तिथे ‘माइस्टर’ ही कारागिराची पात्रता राष्ट्रीय चौकटीत बॅचलर पदवीच्या पातळीवर धरली आहे. हे घेण्यासारखं आहे. पण बहुतेक जर्मन राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या शाळा वेगळ्या होतात आणि कामगारांची मुलं कामगारांच्याच वाटेला लागतात, अशी टीका तिथलेच लोक करतात. दहा वर्षांच्या मुलाचं भवितव्य ठरवणारी ती वाटणी आपल्याला नको. आपल्याकडे जातीची वाटणी काय कमी आहे?

आपल्याकडे वाटा खुल्या आहेत, हे अनेकांना माहीतच नसतं. दहावीनंतर दोन वर्षांचा फिटर, टर्नर किंवा इलेक्ट्रिशियनचा आयटीआय केलेला मुलगा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे आयटीआय निवडलं तर विद्यापीठाचं दार बंद होत नाही. पण कागदावरची वाट आणि पायाखालची वाट यांत अंतर आहे, हे मी वर्गात पाहिलं आहे. आयटीआयहून आलेल्या मुलाला लेथवर काम द्या, तो दहावीवाल्याला शिकवेल. त्याच मुलाला दुसऱ्या वर्षाचं गणित आणि इंग्रजी पुस्तक द्या, तो पहिल्या सत्रात कोसळतो. बुद्धी कमी म्हणून कोसळत नाही. मधल्या दोन वर्षांत त्याला कोणी ते शिकवलेलंच नसतं. जून ते सप्टेंबर संध्याकाळी जादा वर्ग घेतले की यातली बरीच मुलं उभी राहतात. हे वर्ग प्रत्येक तंत्रनिकेतनात हवेत आणि ते शिक्षकाच्या चांगुलपणावर सोडू नयेत.

आणि आयटीआयकडेही पाहायला हवं. कित्येक ठिकाणी निदेशकांच्या जागा रिकाम्या, यंत्रं जुनी. कारखान्यात सीएनसी आणि इथे अजून जुनी लेथ. अप्रेंटिसचं विद्यावेतन घ्या. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्या उमेदवाराला महिना किमान ७,००० रुपये ठरवले. चाकणला किंवा वाळूजला खोली करून, मेस लावून सात हजारांत महिना काढून दाखवा. कौशल्याची भाषणं करणाऱ्यांनी आधी हा आकडा बदलावा, मग मुलांना बोलवावं.

माझं मत आता स्पष्ट सांगतो. ज्याला एखाद्या विषयाची ओढ आहे, त्याने कॉलेजला जावं, मग तो विषय पाली असो की गणित. त्याच्या नोकरीची चिंता घरच्यांनी त्याच्या आधी करू नये. ज्या घरातलं कोणीच आजवर पदवीधर नाही, तिथल्या मुलाने जावं की नाही, हे त्यानेच ठरवावं. आपण त्याला वाट दाखवावी, अडवू नये. मुलीचं शिकणं लग्नासाठी थांबू नये. पण ‘बघू पुढे काय ते’ एवढ्याच कारणावर ज्या मुलाचं नाव दाखल होतं, त्याने या वर्षी जाऊ नये. एखादं काम शिकावं, पगार हातात घ्यावा. विद्यापीठ कुठे पळून जात नाही. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याचसाठी आहे. पंचविसाव्या वर्षी, काम करताना, आपल्याला काय हवं ते कळल्यावर घेतलेली पदवी अठराव्या वर्षी घाईने घेतलेल्या पदवीहून कमी नाही. माझ्या मते ती जास्त मोलाची आहे.

शेवटची विनंती इथल्या आई-वडिलांना. मुलाचा अर्ज भरण्याआधी एक दिवस काढा आणि त्याला घेऊन आपल्या तालुक्याच्या आयटीआयची कार्यशाळा पाहून या. दुसऱ्या दिवशी कॉलेजचं ग्रंथालय आणि प्रयोगशाळा पाहून या. तिथल्या मुलांशी त्यालाच बोलू द्या, तुम्ही जरा बाजूला उभे राहा. आणि उद्या तुमच्या मुलीसाठी फिटर म्हणून पक्की नोकरी असलेल्या मुलाचं स्थळ आलं, तर ‘पदवी नाही’ एवढ्या एका कारणावर ते परत पाठवू नका.