जुन्या बागायती ट्रॅक्टरवरील निरुपयोगी भाग



महाराष्ट्रातील द्राक्ष, डाळिंब आणि संत्र्याच्या बागांतून आज लहान ट्रॅक्टर सर्रास वावरताना दिसतो. यांपैकी अनेक ट्रॅक्टर आता जुने झाले आहेत. ते घेतले गेले तेव्हा त्यांच्याकडून नाना कामांची अपेक्षा होती. ट्रॉली ओढावी, पट्ट्यावर पाण्याचा पंप चालवावा, रात्री नांगरटही करावी, अशा विचाराने त्या त्या कामाचे भाग त्यांवर जडविले गेले. पुढे विहिरीवर विजेची मोटार आली, मालाची ने-आण टेंपोने होऊ लागली आणि ट्रॅक्टरकडे उरली ती फवारणी व दोन ओळींमधील मशागत. काम गेले, परंतु त्याचे भाग मात्र जागीच राहिले.

असे भाग केवळ जागा अडवीत नाहीत. उंच छत मांडवाच्या तारांत अडकते व वेली ओरबाडते. ट्रॉली उचलण्यासाठी बसविलेल्या हायड्रॉलिक नळ्या वापराविना तडकतात आणि तेल गाळू लागतात. जुन्या दिव्यांच्या तुटक्या तारा कोठे तरी लोखंडाला टेकून बॅटरी उतरवितात. काडीकचरा अशाच सांदीत साचतो, आणि तो तापलेल्या सायलेन्सरजवळ साचला तर आगीची भीती असते. तेव्हा हे भाग काढणे योग्यच होय. प्रश्न आहे तो कोणते काढावेत आणि कोणते काढू नयेत, याचा. आणि येथेच अनेकदा चूक घडते.

ट्रॅक्टरच्या पुढे बांधलेल्या लोखंडी वजनांचेच पाहा. ती फिरत नाहीत, काही ओढत नाहीत. म्हणून भंगारात प्रथम तीच जातात. पण मागे उचलून धरलेल्या ४०० लिटरच्या टाकीत पाणी भरले की मागच्या बाजूस ४०० किलो भार येतो, शिवाय टाकीचे आणि पंख्याचे वजन वेगळेच. अशा वेळी पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग वळविले तरी ट्रॅक्टर वळत नाही आणि चढावर तो पुढून उचलला जातो. एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या आसावर राहिला पाहिजे, असा सर्वसाधारण दंडक आहे. बागेत मागे टाकी जोडली जात असेल तोवर ही वजने कामावरच आहेत, असे समजावे.

थर्मोस्टॅटची गोष्टही अशीच. आपला प्रदेश उष्ण, मग हा भाग हवा कशाला, असे म्हणून काही मिस्त्री तो काढून टाकतात. त्यामुळे इंजिन योग्य तापमानास उशिरा पोचते, डिझेल पुरते जळत नाही आणि सिलिंडरची झीज वाढते. छत काढण्यास हरकत नाही. मात्र चालकाच्या मागे कारखान्याने बसविलेली जाड संरक्षक कमान असेल, तर तिला पाना लावू नये. ट्रॅक्टर उलटला तर चालक चिरडला जाऊ नये म्हणून ती असते.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते पी.टी.ओ.च्या शाफ्टवरील आवरणाकडे. ग्रीस भरताना ते आड येते म्हणून एकदा काढले जाते आणि पुन्हा बसविले जात नाही. हा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. ट्रॅक्टरच्या मागे निघणारे त्याचे टोक सुमारे ३५ मिलिमीटर जाडीचे असते. त्याला कापडाचे टोक गुंतले तर एका सेकंदात जवळजवळ १ मीटर कापड गुंडाळले जाते. पदर असो, उपरणे असो की धोतराचा सोगा, माणूस हाक मारीपर्यंत सारे संपलेले असते. मळणी यंत्रांवर मजुरांचे हात जाऊ लागले तेव्हा संसदेला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. फवारणीच्या यंत्राला जोडलेला उघडा शाफ्ट त्याहून कमी घातक नाही. आवरण फुटले असेल तर नवे आणावे. शाफ्ट वापरातच नसेल तर त्याच्या टोकावर टोपी घालावी.

आता प्रत्यक्ष काम. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून हायड्रॉलिकचा दांडा मागे-पुढे हलवावा, म्हणजे नळ्यांतील दाब उतरतो. बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडावी. गंजलेले बोल्ट रात्रभर डिझेलने भिजवून ठेवावेत. टाकीजवळ गॅसची ज्योत लावून ते कापण्याचा मोह टाळावा. पट्ट्याची पुली काढल्यावर उघडे पडणारे तोंड पॅकिंग घालून लोखंडी पत्र्याने बंद करावे, नळ्यांच्या तोंडांना आट्यांचे बूच बसवावे. चिंधी कोंबून भागत नाही. दिव्यांच्या बाबतीत मात्र सबुरी हवी. ट्रॅक्टर रस्त्यावर जात असेल तर दिवे लागतातच, आणि नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये परस्पर करता येत नाही.

काढलेले भाग पुसून, ग्रीस लावून, त्यांचे नट-बोल्ट त्यांनाच तारेने बांधून कोठीत ठेवावेत. पुढे ट्रॅक्टर विकायचा झाला तर घेणारा ते मागतो.

नंतर इंजिन सुरू करून हायड्रॉलिक चालवून पाहावे. गळती शोधताना नळीवरून हात फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. बारीक छिद्रातून दाबाने उडणारे तेल कातडीत शिरते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ शस्त्रक्रियेची गरज पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी, ट्रॅक्टर हलविण्यापूर्वी, त्याखालची जमीन पाहावी. तेलाचा डाग दिसला तर झाकणाचे पॅकिंग बदलावे आणि मगच फवारणीस निघावे.