माता-बालकांचे पोषण आणि आपली शाळा
(शिरोळ येथील शिक्षक संमेलनात दिलेले भाषण)



आज मजकडे विषय दिला आहे तो माता व बालक यांच्या पोषणाचा. हे काम आरोग्य खात्याचे व अंगणवाडीचे. शिक्षकाने त्यात काय करावयाचे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पूर्वी माझ्याही मनात तसेच येत असे. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत माझ्या तिसरीच्या वर्गातील एक मुलगी रोज दुसऱ्या तासाला पेंगत असे. मी तिला आळशी ठरवून वर्गाबाहेर उभे केले, एकदा नव्हे, अनेकदा. ती घरून केवळ कोरा चहा पिऊन येते आणि तिची आई बाळंतपणानंतर महिना भरण्यापूर्वीच भांगलणीस जाऊ लागली आहे, हे मला वर्ष संपताना कळले. तिच्या प्रगतिपुस्तकावर मी लिहिलेला शेरा मात्र तसाच राहिला.

आता जे सांगावयाचे आहे ते आपल्याच महाराष्ट्रातील आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत एका अभ्यासास आरंभ केला. शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांची त्यांनी गरोदरपणापूर्वीपासून नोंद ठेवली. या मातांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो भरले. त्यांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते. इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो असते. येथवर आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. पुढचे मात्र लक्षपूर्वक ऐकावे. आई एकूण किती खाते, यापेक्षा ती काय खाते, याचा बाळाच्या वाढीशी अधिक संबंध दिसला. ज्यांच्या आहारात पालेभाज्या, फळे व दूध वरचेवर होते, त्यांची बाळे अधिक भरलेली निघाली. पाणी वाहणे, शेतातील कष्ट हे ज्यांना अधिक, त्यांची बाळे लहान. अर्ध्याहून अधिक मातांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी आढळले.

आणखी एक गोष्ट. ही बाळे दिसावयास रोड, परंतु त्यांच्या अंगी स्नायू कमी व चरबी त्या मानाने टिकून होती. अशा मुलांस पुढे मधुमेहाचा धोका अधिक, असे हे संशोधक सांगतात. म्हणजे आईच्या ताटातील उणीव लेकराच्या चाळिशीपर्यंत पाठलाग करते.

आपण म्हणाल, ती कोरडवाहू गावे. आमच्या तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्या. खरे आहे. परंतु नदीचे पाणी उसाला जाते, म्हशीचे दूध डेअरीला जाते व मळ्यातील भाजी बाजाराला. घरातील सून सर्वांच्या मागून जेवते. त्या वेळी टोपात काय उरते, हे आपणांस माहीत आहे. बांधावरील घोळ, तांदुळजा तणनाशकाने गेली. आणि दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून जी ऊसतोड कुटुंबे येतात, त्यांतील गरोदर स्त्रिया मोळ्या वाहतात. त्यांची मुले ज्या शाळांत दाखल होतात, तेथील गुरुजींनी तरी ही गोष्ट दृष्टीआड करू नये.

मग गरोदरपणी भाजी-दूध दिले की झाले काय? मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील स्त्रियांवर असा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पालेभाजी, फळे व दूध घालून केलेला खाऊ त्यांना रोज दिला. सर्व स्त्रिया मिळून पाहता बाळांच्या वजनात ठळक फरक पडला नाही. गर्भ राहण्यापूर्वी निदान तीन महिने ज्यांना तो मिळू लागला होता, त्यांच्या बाळांचे वजन थोडेसे वाढले. त्यांतही अगदी हडकुळ्या मातांना लाभ झाला नाही. हा निष्कर्ष निराशाजनक वाटेल. मला तो आपल्यासाठी महत्त्वाचा वाटतो. गरोदरपणी सुरू केलेली धावपळ उशिराची असते. त्याआधीची दहा-बारा वर्षे ती मुलगी कोठे असते? आपल्या वर्गात.

म्हणून शालेय पोषण आहार हा हिशेबाच्या वहीचा विषय मानू नये. पाचवीपर्यंतच्या मुलास रोज ५० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलास ७५ ग्रॅम भाजी ठरलेली आहे. ती आमटीत तरंगणाऱ्या दोन फोडींनी भरत नाही. परसबागेत शेवग्याची चार झाडे लावा. पाला सहज मिळतो. लोहाच्या साप्ताहिक गोळ्या मुलींनी आपल्यासमोर, जेवणानंतर घ्याव्यात. पिशवीत घरी गेलेली गोळी बहुधा फडताळातच राहते. आठवीनंतर जी मुलगी शाळेतून नाहीशी होते, तिच्या घरी जाऊन या. अठरा वर्षांपूर्वी विवाह हा गुन्हा आहे, हे सांगण्याइतका आपला मान गावात अजून आहे.

उंची-वजनाच्या नोंदवह्या मी गेल्या महिन्यात पाहिल्या. काही शाळांत सलग तीन महिने प्रत्येक मुलाचे वजन तेच आहे. मी कोणाचे नाव घेत नाही. ज्यांचा काटा बिघडला असेल त्यांनी आज जाण्यापूर्वी माझ्याकडे लेखी द्यावे. तोवर शेजारच्या अंगणवाडीचा काटा मागून घ्यावा.