निन्टेंडो : पत्त्यांच्या कारखान्याची कथा



कामगार चळवळीतला मनुष्य व्याख्यानास उभा राहिला की, बोनस आणि महागाईभत्ता ऐकावयाचा म्हणून श्रोते मनाची तयारी करूनच बसतात. आम्ही आज विषय घेतला आहे तो मुलांच्या खेळण्यांचा. जपानातील निन्टेंडो कंपनीची टीव्हीला जोडून किंवा हातात धरून खेळावयाची यंत्रे जगभर गेली. ती कोठून आली, कोणी घडविली आणि घडविणाऱ्यांच्या वाट्यास काय आले, एवढेच सांगावयाचे आहे. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच; जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री. तेव्हा यंत्राच्या पोटातील सगळी विद्या सांगण्याचा आव आम्ही आणीत नाही.

ही कंपनी १८८९ साली क्योतो शहरात निघाली, आणि ती निघाली पत्ते करण्यासाठी. फुसाजिरो यामाउची नावाचे गृहस्थ तुतीच्या सालीच्या कागदावर ‘हानाफुदा’ म्हणजे फुलांची चित्रे असलेले पत्ते हाताने तयार करीत. बारा महिन्यांची बारा फुले, प्रत्येकाचे चार, असे ४८ पत्ते. जुगाराच्या अड्ड्यांवर डावागणिक नवी जोडी लागे, म्हणून धंदा बरकतीस आला असे सांगतात. खेळ निर्मळ असतो. पण त्याचे गिऱ्हाईक तसेच असेल असे नाही.

१९४९ साली फुसाजिरोंचा पणतू हिरोशी यामाउची गादीवर आला. वय अवघे एकवीस-बावीस, कॉलेज अर्धवट सुटलेले. पोरसवदा मालक दबेल असे समजून कारखान्यातील माणसांनी लवकरच संप केला. पोरगा दबला नाही. त्याने विरोध करणाऱ्या जुन्या जुन्या माणसांना सरळ घरी बसविले. कंपनीच्या गौरवकथेत हे ‘मालकाच्या करारीपणाचे’ उदाहरण म्हणून येते. आम्ही ते वाचताना त्या घरी बसलेल्यांचा शोध घेत होतो. त्यांच्यातील एकाचेही नाव आम्हांस कोठे आढळले नाही.

पुढे १९५३ साली प्लॅस्टिकचे पत्ते आले, १९५९ साली डिस्नेच्या चित्रांचे आले. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकनंतर पत्त्यांची मागणी घसरली. यामाउचींनी झटपट भातासारखे धंदे करून पाहिले. ते चालले नाहीत.

कंपनीला तारणारा मनुष्य निघाला तो कारखान्याच्या आतून. गुनपेई योकोई हा तरुण १९६५ साली नोकरीस लागला, तो पत्ते करणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्यासाठी. म्हणजे आपल्या भाषेत मेन्टेनन्सचा माणूस. रिकाम्या वेळात त्याने काड्यांची कैची जोडून लांब होणारा एक हात बनविला. कारखान्यात फिरताना यामाउचींनी तो पाहिला आणि रागावण्याऐवजी बाजारात आणावयास सांगितले. १९६६ साली ‘अल्ट्रा हँड’ या नावाने तो दहा लाखांहून अधिक खपला. आमच्याकडे पाळीत असे काही करताना सापडलेल्यास काय मिळते ते येथील गिरणी कामगारांस विचारावे! यामाउची कठोर होता, पण हे श्रेय त्याचे त्यास दिलेच पाहिजे.

योकोईचे एक सूत्र होते : नव्या महागड्या तंत्राच्या मागे धावू नये, जे तंत्र जुने, स्वस्त आणि पक्के झाले आहे, त्याचाच निराळा उपयोग शोधावा. आगगाडीत एक प्रवासी वेळ जावा म्हणून कॅल्क्युलेटरची बटणे दाबीत बसलेला त्याने पाहिला, आणि १९८० साली ‘गेम अँड वॉच’ हे खिशातले खेळणे निघाले. त्यातच १९८२ साली अधिकच्या चिन्हासारखे बटण आले. पुढे ते बहुतेक सगळ्या कंपन्यांनी कोणत्या ना कोणत्या रूपात उचलले. १९८९ साली ‘गेम बॉय’ आला. त्याचा पडदा रंगीतही नव्हता. सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीचे रंगीत यंत्र सहा सेल घेई आणि ते भराभर खाई. हे चार सेलवर कितीतरी अधिक काळ चाले. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक खपले.

मारिओची जन्मकथाही अशीच अडचणीतून आलेली आहे. अमेरिकेत पाठविलेली ‘रडार स्कोप’ नावाची नाण्यावर चालणारी यंत्रे विकली न जाता पडून राहिली. ती पेटारे वाया जाऊ नयेत म्हणून त्यांत नवा खेळ घालण्याचे काम शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराकडे आले, आणि १९८१ साली ‘डाँकी काँग’ झाला. त्यात राक्षसी माकडाच्या तावडीतून बाईला सोडविणारा नायक राजपुत्र नाही, सैनिक नाही. तो सुतार आहे, आणि १९८३ च्या ‘मारिओ ब्रदर्स’मध्ये तो नळकाम करणारा प्लंबर झाला. मोजक्या ठिपक्यांत केस काढता येईनात म्हणून टोपी, नाक दिसावे म्हणून मिशी, हात हलताना दिसावेत म्हणून कामाचा डगला. मारिओ हे नाव आले ते अमेरिकेतील गोदामाच्या घरमालकावरून. नायक कामगार आणि नाव घरमालकाचे, याची आम्हांस गंमत वाटते.

१५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ हे टीव्हीला जोडावयाचे यंत्र जपानात १४,८०० येनला विक्रीस आले. ते मासायुकी उएमुरा यांनी रचिले होते. १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ निघाला. तो संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसविला होता. जागा वाचावी म्हणून त्यातील ढग आणि झुडपे हे एकच चित्र, फक्त रंग निराळा. गरीब घरातील गृहिणी जुन्या लुगड्याची गोधडी करते, त्याच जातीची ही बुद्धी. १९८६ साली ‘झेल्डा’ आला. फॅमिकॉम जगात सुमारे ६ कोटी २० लाख खपला. आमच्याकडे १९९० नंतर बाजारात जे स्वस्त ‘व्हिडिओ गेम’ आले आणि ज्यांच्या कार्ट्रिजला मुले कॅसेट म्हणत, ते बहुतेक त्याच यंत्राच्या नकला होत.

येथे मात्र आमच्या धंद्याशी संबंधित एक गोष्ट येते. १९८३ साली अमेरिकेत रद्दड खेळांचा सुळसुळाट होऊन सारा बाजार कोसळला होता. म्हणून १९८५ साली तेथे उतरताना निन्टेंडोने यंत्रात कुलूपवजा चिप बसविली. परवान्याशिवाय कोणाचा खेळ चालावयाचा नाही. परवाना घेणाऱ्याने वर्षास पाचच खेळ करावयाचे, कार्ट्रिज निन्टेंडोकडूनच तयार करून घ्यावयाच्या, आणि तो खेळ दोन वर्षे दुसऱ्या यंत्रासाठी द्यावयाचा नाही! मालास दर्जा आला हे खरे. पण अशा अटी आम्ही पॉवरलूमच्या कंत्राटांत पाहिल्या आहेत, त्यांस दर्जा म्हणत नाहीत.

याचा हिशोब पुढे चुकता झाला. १९९१ साली सोनीशी चाललेला करार निन्टेंडोने मोडला आणि सोनीने १९९४ साली स्वतःचे ‘प्लेस्टेशन’ काढले. निन्टेंडोने १९९६ च्या यंत्रातही महागड्या कार्ट्रिजचाच हट्ट धरला, तेव्हा कंटाळलेले खेळकर्ते स्वस्त तबकडीकडे गेले. त्याच वर्षी गेम बॉयवर ‘पोकेमॉन’ आला, त्याने बाजू सावरली. योकोईचे ‘व्हर्च्युअल बॉय’ १९९५ साली पडले; १९९६ साली त्याने कंपनी सोडली आणि १९९७ साली तो रस्त्यावरील अपघातात गेला.

२००२ साली यामाउची निवृत्त झाले आणि साटोरू इवाटा अध्यक्ष झाले. ते मूळचे प्रोग्रॅमर. म्हणजे स्वतः हाताने काम केलेले. २००४ चे ‘डीएस’ १५ कोटींवर आणि २००६ चे ‘वी’ १० कोटींवर गेले. आजी-आजोबा दिवाणखान्यात हात हलवून टेनिस खेळू लागले. पण २०१२ चे ‘वी यू’ जेमतेम १ कोटी ३५ लाख खपले. भागधारकांनी २०१३ साली विचारले, माणसे कमी का करीत नाही? इवाटांचे उत्तर असे होते की, नोकरी जाईल या भीतीत असणारा मनुष्य लोकांच्या मनाला भिडणारा खेळ करू शकेल असे मला वाटत नाही. २०१४ साली त्यांनी स्वतःचा पगार काही महिन्यांसाठी निम्मा केला. आम्ही अनेक मालकांशी वाटाघाटीस बसलो. असे वाक्य समोरच्या बाजूने कधी ऐकले नाही.

तथापि त्याच २०१४ साली कंपनीच्या युरोपातील शाखेने जर्मनीतील एक कचेरी बंद करून १३० जणांना कमी केले. त्यापूर्वी २०१२ साली फॉक्सकॉनने चीनमधील यांताई येथील कारखान्यात १४ वर्षांची मुले ‘शिकाऊ’ म्हणून कामावर असल्याचे कबूल केले होते. तेथे निन्टेंडोचा माल होतो अशा बातम्या आल्या आणि निन्टेंडोला चौकशी करावी लागली. खेळ रचणाऱ्यास अभय, आणि यंत्र जोडणारा आपला नव्हेच, अशी ही विभागणी आहे.

इवाटा २०१५ साली वारले. २०१७ साली आलेले ‘स्विच’ १५ कोटींच्या वर गेले. २०२२ साली अमेरिकेत खेळ तपासण्याच्या कामावरील एका कंत्राटी कामगाराने तक्रार नोंदविली की, बैठकीत युनियनविषयी प्रश्न विचारल्यावर आपणास काढले. कंपनीचे म्हणणे, गुप्तता मोडली म्हणून काढले. शेवटी तडजोड झाली. कंपनी आणि तिची मजूर-पुरवठादार संस्था यांनी मिळून २५,९१० डॉलर दिले. २०२३ च्या फेब्रुवारीत नफ्याचा अंदाज खाली आणीत असतानाच निन्टेंडोने जपानातील कर्मचाऱ्यांचा मूळ पगार १० टक्क्यांनी वाढविला, हेही सांगितले पाहिजे.

५ जून २०२५ रोजी ‘स्विच २’ आले आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांहून अधिक खपले. ते जोडण्याचे काम क्योतोत होत नाही. चीन, व्हिएतनामकडील दुसऱ्यांच्या कारखान्यांत होते. आता अध्यक्षांची परवानगी असेल तर श्रोत्यांनी प्रश्न विचारावेत.