सेवासंघांत सर्वांस स्थान



ज्युबिलीच्या या मंगल दिनीं परमेश्वराचे आभार मानून आम्ही एका प्रश्नाकडे आपलें लक्ष वेधूं इच्छितों. धर्मग्रामांतील सेवासंघाच्या सभेस तींच तीं मोजकीं माणसें कां दिसतात? इतरांच्या ठायीं कळकळ नाहीं, असें मुळींच नव्हे. कोणी पहांटेच्या गाडीनें कामावर जातो तो रात्रींच परततो. कोणा मातेस तान्हें मूल सोडून निघवत नाहीं. कोणा वृद्धास जिना चढवत नाहीं. दर आठवड्याची हजेरी हाच सभासदत्वाचा एकमेव मार्ग ठरला, तर अशांचा सेवाभाव वायां जातो.

ख्रिस्तसभेंत यावर उपाय पूर्वींच योजिलेला आहे. सन १९२१ मध्यें डब्लिन शहरीं फ्रँक डफ यांनीं आरंभिलेल्या 'लिजन ऑफ मेरी' या संघांत कार्यकारी सभासद दर आठवड्यास सभेस येतात व नेमून दिलेलें काम करतात. साहाय्यक सभासदांस सभेचें बंधन नाहीं. मात्र जपमाळेसह ठराविक प्रार्थना त्यांनीं प्रतिदिनीं करावयाच्या असतात. धर्मसंस्था नसलेल्या रोटरीनेंही २०१६ सालीं आपल्या क्लबांना सभांचे व सभासदत्वाचे प्रकार ठरविण्याची पुष्कळ मोकळीक दिली.

परंतु मोकळीक म्हणजे कर्तव्यांतून सुटका नव्हे. १८३३ सालीं पॅरिसमध्यें फ्रेडरिक ओझानाम व त्यांचे सोबती यांनीं, पुढें संत विन्सेंट द पॉल यांच्या नांवानें जगभर पसरलेला संघ स्थापिला, तेव्हां ते स्वतः गरिबांच्या घरीं गेले. त्या भेटीची जागा नुसती वर्गणी घेऊं शकत नाहीं.

म्हणून आमची विनंती अशी: ज्यास दर आठवड्यास येणें शक्य नाहीं, त्यानें महिन्यांतून एकदां तरी एका घराची विचारपूस करावी. शिंप्यानें कपडे शिवून द्यावे, कारकुनानें विधवेचा अर्ज लिहून द्यावा, अंथरुणास खिळलेल्यानें त्या कुटुंबासाठीं जपमाळ म्हणावी. मात्र प्रत्येकाचें काम व त्याचा दिवस संघाच्या वहींत लिहिलेला असावा. दाराशीं वाट पाहणारी म्हातारी आपण कोणत्या वर्गाचे सभासद, हें विचारीत नाहीं. ठरल्या दिवशीं कोणी आलें कीं नाहीं, एवढेंच ती पाहते.

संत पौलानें ख्रिस्तसभेस एक देह म्हटलें आहे. त्या देहाचा कोणताही अवयव निकामी न राहो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.