घोगरा



प्राथमिक शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजी मला म्हणाले, "तुझा आवाज घोगरा आहे. तू नुसते ओठ हलव." चार वर्षे मी ओठ हलवले. तेव्हा या शब्दाशी माझे जुने वाकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

घोगरा म्हणजे काय? स्वरतंतू पुरते मिटत नाहीत, फटीतून वारा सुटतो आणि स्वराबरोबर खरखर ऐकू येते. शब्द उच्चारला की अर्थ कानाला कळतो. घरघर, खरखर यांच्याच जातकुळीचा तो वाटतो. पण आपण तो सरसकट वापरतो. सर्दीने आवाज 'बसतो' आणि चार दिवसांनी सुटतो. मिसरूड फुटणाऱ्या मुलाचा आवाज 'फुटतो'. मोठा आणि बेढब तो 'भसाडा'. ज्याचा आवाज मुळातच घोगरा, त्याचे यांपैकी काहीच झालेले नसते. (चांगला आवाज एकाएकी घोगरा होऊन तीनचार आठवडे तसाच राहिला, तर मात्र खडीसाखर चघळत बसू नये, डॉक्टरांना घसा दाखवावा.)

यादवांच्या देवगिरीस तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्यात आवाजाचे आठ दोष सांगितले आहेत. रूक्ष निराळा, निःसार निराळा, भग्न निराळा. दोष काढतानासुद्धा माणसाने इतका विवेक केला! आम्ही सगळे एका पोत्यात भरतो.

आणि सवाई गंधर्वांचे काय? वयात येताना त्यांचा आवाज फुटला आणि राठ झाला. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यावर मेहनत करून घेतली. मैफलीच्या आरंभी तो आवाज लागायला वेळ घेई. लागल्यावर मात्र श्रोते जागचे हलत नसत. १९५२ साली ते गेले, आणि १९५३ साली याच पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला.

आता एक गंमत पाहा. असाच आवाज चित्रपटात ऐकला की तरुण मंडळी 'हस्की' म्हणून वाखाणतात. तोच आवाज घरात सून म्हणून यायच्या मुलीचा असला, की घोगरा!

परवा नात म्हणाली, "आजोबा, तुमचा आवाज किती हस्की आहे!"

मी म्हटले, "बाळ, घोगरा म्हण. मला चालेल."