मुले तीच, शाळा तीच, मग कर वेगळा का?

(म्हैसूरच्या कुवेंपुनगरात मराठी भाषक सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी काही जण बदलीने इथे आले, काही इथेच वाढले. मुले मात्र बहुतेकांची इथल्याच शाळांत आहेत. मार्चचा पगार हाती पडला की आमच्याकडे एकच प्रश्न येतो : "गेल्या वर्षी कर शून्य होता, यंदा एवढा कसा कापला?" कचेरीत उत्तर मिळते, "संगणकाने काढला." हे उत्तर आपल्याला पुरणारे नाही.

अमेरिकेत प्रत्येक मुलामागे करातूनच ठरावीक रक्कम वजा होते. तीही स्थिर नसते. २०२१ साली ती सहा वर्षांखालील मुलामागे ३,६०० डॉलरपर्यंत गेली आणि २०२२ साली पुन्हा २,००० वर आली. आपल्याकडे १९५५-५६ च्या अंदाजपत्रकात चिंतामणराव देशमुखांनी विवाहित आणि अविवाहितांची करमुक्त मर्यादा वेगळी केली होती. ती पद्धत पुढे गेली. नंतर मुलांची सवलत तुकड्यातुकड्यांनी मिळू लागली, आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःची अट लागली.

पहिला तुकडा शैक्षणिक भत्त्याचा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना हा भत्ता दोन मुलांपर्यंत आणि बारावीपर्यंत मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून तो दरमहा २,२५० वरून २,८१२ रुपये ५० पैसे झाला. पण जुन्या करपद्धतीत त्यातले करमुक्त किती? मुलामागे दरमहा १०० रुपये! १९९० च्या दशकात ठरलेला हा आकडा २०२४-२५ पर्यंत तसाच राहिला. म्हणजे भत्ता वाढला, तशी करपात्र रक्कमही वाढली.

दुसरा तुकडा शिक्षण शुल्काचा, १९६१ च्या कायद्यातील कलम ८० सी चा. दोन मुलांचे, त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेले शिक्षण शुल्कच यात धरले जाते. देणगी, विकास निधी, बसभाडे नाही. जूनची फी मार्चमध्येच भरली तर ती आधीच्या वर्षात मोजली जाते. शिवाय याच दीड लाखाच्या मर्यादेत भविष्य निर्वाह निधी, विम्याचा हप्ता आणि घरकर्जाची मुद्दलही बसवावी लागते.

आता एक हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. २०२३-२४ मध्ये एका सभासदाचे प्रमाणित वजावटीनंतरचे उत्पन्न ६,४०,००० रुपये. निधी आणि विमा १,२०,००० आणि मुलांची फी २४,०००. करपात्र रक्कम ४,९६,००० उरली. ती पाच लाखांच्या आत, म्हणून कर शून्य.

२०२४-२५ मध्ये महागाई भत्त्याने उत्पन्न ६,७०,००० झाले. पगाराबरोबर निधीची कपात वाढून निधी आणि विमा १,३५,००० वर गेला. फी ३०,००० भरली, पण मर्यादेत जागा उरली १५,००० ची. निम्मी फी वाया गेली. करपात्र रक्कम ५,२०,००० झाली आणि उपकरासह कर १७,१६० रुपये! पगारवाढ ३०,००० ची, तिच्यातला निम्म्याहून अधिक वाटा असा गेला. मुलांचे काही बदलले नव्हते. बदलली होती मर्यादेतली जागा आणि ओलांडलेली पाच लाखांची रेघ.

याच सभासदाने नवी करपद्धत घेतली असती तर? तिथे फीची सवलत नाही, पण २०२४-२५ मध्ये प्रमाणित वजावट ७५,००० आणि सात लाखांपर्यंत कर शून्य. त्याचे उत्पन्न ६,४५,००० धरले जाऊन कर काहीच लागला नसता. त्याने फक्त गेल्या वर्षीच्या फॉर्मची नक्कल करून दिली होती. उलट घरकर्जाचे व्याज मोठे असलेल्या सभासदाला जुनी पद्धतच फायद्याची ठरू शकते. २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर तसे सांगावे लागते. पगारदाराला विवरणपत्र भरताना, मुदतीच्या आत, पद्धत बदलता येते आणि जास्त कापलेला कर परत मिळतो.

म्हणून सभासदांना आमचे सांगणे असे. दरवर्षी एप्रिलमध्ये हिशेब दोन्ही पद्धतींनी करा. शाळेकडून शिक्षण शुल्क वेगळे दाखवणारी पावती मागा. पती-पत्नी दोघे कमावते असतील तर ज्याच्या मर्यादेत जागा आहे त्याने फी भरावी. मूल बारावी झाले की भत्ता थांबेल, हे आधीच ध्यानात घ्या. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी २०२५ चा नवा कायदा आहे; त्यात कलमांचे क्रमांकही बदलले आहेत, तेव्हा जुन्या परिपत्रकावर विसंबू नका.

आणि व्यवस्थापनाकडे आपली मागणी एवढीच : प्रत्येक कर्मचाऱ्याला दोन्ही पद्धतींचा हिशेब डिसेंबरपूर्वी लेखी द्या. मार्चच्या पगारात अचानक पडलेले भगदाड मुलांच्या जूनच्या फीतूनच बुजवावे लागते. ज्याला हिशेब कळतो त्यालाच हक्क मागता येतो. या कामासाठी शाखा आपल्याबरोबर बसायला तयार आहे; पगारपत्रके घेऊन या.