कोठी एक, किल्ल्या वेगळ्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी माझे काम सतरंज्या घालण्याचे आणि चहाचे आधण ठेवण्याचे. यंदा अध्यक्षबाईंनी मलाच बोलायला उभे केले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसारातली बाई. बोलण्यात काही चुकले तर सांभाळून घ्यावे. त्यातून विषय घेतला आहे फोनचा आणि आकड्यांचा. घरी सांगितले तर यजमान हसले. म्हणाले, "तुला स्वतःच्या फोनचा आवाज वाढवता येत नाही." ते खरेच आहे. पण जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच मी सांगणार आहे.

माझ्या थोरल्या वन्सं आपल्या केज तालुक्यातल्याच एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहेत. अंगणवाडीची योजना 1975 सालच्या 2 ऑक्टोबरला देशात 33 प्रकल्पांनी सुरू झाली, आणि पुढे वाढत वाढत आपल्या गल्लीपर्यंत आली. वन्संचे अक्षर मोत्यासारखे. त्यांच्याकडे अकरा रजिस्टरे असत. कुटुंबांची माहिती, आहाराचा साठा, आहाराचे वाटप, मुलांची शाळापूर्व हजेरी, गरोदरपण व बाळंतपण, लसीकरण, 'अ' जीवनसत्त्वाचा डोस, गृहभेटी, दवाखान्यात पाठवलेल्यांची नोंद, महिन्याचा गोषवारा आणि मुलांची वजने. कोणते पान कुठे आहे हे त्या अंधारातही सांगतील.

2021 सालच्या मार्चमध्ये 'पोषण ट्रॅकर' आला आणि ही सारी रजिस्टरे फोनमध्ये शिरली. त्याच साली ऑगस्टमध्ये राज्यातल्या पुष्कळ सेविकांनी फोन परत केले, हे आपण वर्तमानपत्रात वाचले असेल. फोन नीट चालत नाहीत आणि ॲप मराठीत नाही, अशी त्यांची तक्रार होती. वन्संना मात्र फोनपेक्षा शिकवणीने घाबरवले. एका दिवसाच्या प्रशिक्षणात त्यांना सगळे एकदम सांगितले गेले. हजेरी, फोटो, वजन, गृहभेट, शिवाय पर्यवेक्षिकाबाईंनी काय पाहायचे, प्रकल्प अधिकाऱ्यांनी काय पाहायचे, जिल्ह्याचा तक्ता कसा वाचायचा. वन्संनी ते सारे वहीत उतरवून घेतले. बावीस पाने झाली. गंमत अशी की, जिल्ह्याचा तक्ता त्यांच्या फोनवर उघडतच नाही. तो त्यांच्यासाठी नाहीच!

प्रशिक्षणाहून त्या सरळ आमच्या घरी आल्या. पाण्याचा तांब्या हातात तसाच. म्हणाल्या, "वहिनी, मी आता राजीनामा देते. मला हे जन्मात यायचे नाही." त्यांच्या मानधनावर घरातल्या दोन नातवंडांची वह्यापुस्तके येतात, हे मला ठाऊक होते. मी काय बोलणार? मी भाकरी थापल्या.

दिवाळीला माझी थोरली लेक पुण्याहून आली. ती आकड्यांच्याच कंपनीत आहे. तिने आत्याची वही चाळली आणि विचारले, "आत्या, यातले तुमचे काम कोणते?" वन्संना सांगता येईना. मग लेकीने स्वतःचे सांगितले. तिच्याकडे डेटाब्रिक्स नावाची व्यवस्था आहे. अमेरिकेत बर्कली विद्यापीठातल्या मंडळींनी 2013 साली ती कंपनी काढली. पूर्वी एकाच धंद्याचे आकडे चार ठिकाणी असत आणि चौघांची बेरीज चार तऱ्हेची येई. आता सारे एका जागी ठेवतात. पण ते शिकवताना सगळ्यांना सगळे शिकवीत नाहीत. आकडे आणून, निवडून, साफ करून ठेवणाऱ्याची शिकवणी निराळी. त्या आकड्यांना प्रश्न विचारून तक्ते काढणाऱ्याची निराळी. पुढे काय होईल याचा अंदाज बांधणाऱ्याची निराळी, आणि कोणाला कोणते दार उघडे ठेवायचे हे ठरवणाऱ्याची आणखी निराळी. माझी लेक तक्ते काढणारी. अंदाज बांधण्याचे तिला आजही येत नाही, आणि त्याची तिला लाज वाटत नाही.

हे ऐकून मला आपल्याकडच्या लग्नातली कोठी आठवली. डाळ, गूळ, तेल सारे एका खोलीत. कोठीवर बसणारा मोजून देतो, आचारी शिजवतो, वाढपी वाढतो, आणि घरधनी संध्याकाळी किती उरले ते पाहतो. वाढप्याला कोणी पाक किती तारी हे विचारते का? पण वाढप्याने पंगत किती उठली ते चुकीचे सांगितले, तर आचाऱ्याचा भात करपतो नाही तर कमी पडतो.

त्या रात्री बावीस पानांतून आम्ही वन्संचे काम वेगळे काढले. ते अर्ध्या पानात बसले. रोज काय, तर केंद्र उघडल्याची नोंद, मुलांची हजेरी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा गरम आहार. महिन्याला काय, तर वजन-उंची आणि तीन वर्षांखालच्यांचा व गरोदर-स्तनदा बायांचा घरपोच आहार. आणि गृहभेटी. बाकीचे पर्यवेक्षिकाबाई आणि साहेब लोक पाहतील. वन्संनी ते अर्धे पान कपाटाच्या दारावर आतून चिकटवले. राजीनाम्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. 2023 सालच्या उन्हाळ्यात मी लोणच्याच्या निमित्ताने वन्संकडे गेले होते. ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच परतल्या होत्या. एक दीड वर्षाचा मुलगा वजनाला आणला. सारा हंगाम त्याने कारखान्याच्या कोपीवर काढलेला. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी निजवून मोजतात, आणि त्याला दोन माणसे लागतात. एकीने डोके धरायचे, दुसरीने गुडघे सरळ करून आकडा वाचायचा. मदतनीसबाई त्या दिवशी नव्हत्या, म्हणून डोके मी धरले. पोर रडलेसुद्धा नाही. तेच मला बरे वाटले नाही.

वन्संनी वजन व लांबी आधी कागदावर लिहिली, मग फोनमध्ये भरली. फोनने उंचीच्या मानाने वजन हिरवे दाखवले, म्हणजे ठीक. वयाच्या मानाने उंची मात्र लाल होती. पण तोडणीवाल्यांची पोरे खुजीच असतात, असे म्हणून तिथेच सोडले. रात्री अंगणात बसून आम्ही कागद आणि फोन जुळवले. कागदावर 78 सेंटिमीटर, फोनमध्ये 68. वजन 7 किलो 600 ग्रॅम. भगिनींनो, 68 सेंटिमीटरच्या मुलाला हे वजन ठीकच आहे. 78 च्या मुलाला ते तीव्र कुपोषण होते. एका बोटाच्या चुकीने ते पोर हिरव्यात जाऊन लपले होते. वर पर्यवेक्षिकाबाईंनी, त्यांच्या वर साहेबांनी, कोणीही तक्ता उघडला असता तरी त्यांना हिरवेच दिसले असते. त्यांची शिकवणी कितीही चांगली झालेली असो.

वन्संनी रात्रीच पर्यवेक्षिकाबाईंना फोन केला. सकाळी पुन्हा माप घेतले, दंडाला पट्टी लावली. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. पायावर सूज नव्हती आणि पोराला भूक होती, म्हणून गावातच ग्राम बाल विकास केंद्रात ठेवून जादा आहार सुरू केला. आषाढापर्यंत तो साडेआठ किलो भरला. लालातून पिवळ्यात आला. हिरव्यात यायला पुढे बराच वेळ लागला. वन्सं तेव्हापासून आकडा भरला की मोठ्याने वाचतात, आणि आईने "हो" म्हटल्यावरच पुढे जातात.

त्या 'हो'वरून मला वाटते की, आईचेही यात काम आहे, आणि ते तिला कोणी शिकवीत नाही. आपल्या भागातून दसऱ्यानंतर टोळ्या निघतात. मूल आईबरोबर जाते आणि नाव गावात राहते. एका अंगणवाडीतून दुसरीत नाव नेण्याची सोय या ॲपमध्ये आहे. पण आम्ही चाललो, हे सेविकेला सांगायचे कोणी? मुकादम सांगणार नाही. शिवाय 1 जुलै 2025 पासून घरपोच आहाराला चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली. त्यासाठी आधी आधारची पडताळणी लागते, आणि तिचा आकडा आधारला जोडलेल्या फोनवर येतो. आपल्याकडे तो फोन बहुधा नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा फडात.

2025 च्या दसऱ्याआधी मी वन्संकडे असताना त्याच मुलाची आई आली. मुलगा आता गरम आहारात आहे, आणि त्याच्या पाठची बहीण कडेवर होती. आईच्या हातात कागद होता. त्यावर कारखान्याचे गाव, तालुका आणि दोन्ही मुलांची नावे लिहून आणली होती. नवऱ्यालाही फोनसकट बरोबर आणले होते. तो चप्पल न काढता दारातच उभा होता आणि पुन्हा पुन्हा विचारत होता, "आकडा आला, सांगू का?"

एवढे बोलून मी आपली रजा घेते. चहा तयार आहे.